बुडवण्याची युक्ती

बारावीच्या रसायनशास्त्रात अलीकडेपर्यंत एक वाक्य भेटायचे. शिसे आणि जस्त यांची सल्फाइडे एकत्र असलेल्या धातुकात थोडे सोडियम सायनाइड घातले, की जस्ताचे खनिज फेसावर येत नाही आणि शिशाचे येते. नीट-जेईईची तयारी करणारी मुले, मग ती कोकणातल्या देवरूखची असोत की दिल्लीची, हे वाक्य एका गुणासाठी घोकत आणि पेपर संपला की विसरत. त्या वाक्यामागे टाकाऊ मालाचे डोंगर आहेत, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला खटला आहे, एक महायुद्ध आहे आणि बिअरचा धंदा करणारी दोन माणसेही आहेत. पुस्तकात यातले काहीच नव्हते, तेव्हा ते इथे सांगतो.

गोष्ट सुरू होते ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाला. १८८३ साली चार्ल्स रास्प हा मेंढ्यांच्या कुरणावर कुंपणाची राखण करणारा नोकर एका काळ्या, मोडक्या पाठीच्या टेकडीवरून दगड उचलून आणतो. त्याला वाटले, कथील सापडले. निघाले चांदी आणि शिसे. १८८५ साली कंपनी उभी राहिली, ब्रोकन हिल प्रोप्रायटरी. आजची बीएचपी ती हीच. पहिली काही वर्षे मजेत गेली. वरच्या थरातले धातुक हवापाण्याने कुजलेले होते, भट्टीत घालताच वितळायचे. खाण खोल गेली आणि सल्फाइडचा अस्सल थर लागला, तेव्हा मालकांचे चेहरे उतरले.

त्या थरात शिशाचे गॅलेना आणि जस्ताचे स्फॅलेराइट एकमेकांत असे गुंतलेले होते, की बारीक दळल्याशिवाय सुटे होत नव्हते. दळल्यावर वेगळे करायची तेव्हाची रीत म्हणजे वजनावर निवडणे: पाण्यात हिंदकळवायचे, जड ते खाली, हलके ते वर. गॅलेना पाण्याच्या साडेसात पट जड, ते निमूटपणे तळाशी यायचे. स्फॅलेराइट मात्र चारपट. आणि ब्रोकन हिलच्या टाकाऊ दगडात र्‍होडोनाइट नि गार्नेट होते, तेही जवळजवळ तेवढेच जड. म्हणजे जस्त आणि कचरा यांचा तराजू सारखाच. शिसे काढून घ्यायचे आणि जस्तासकट उरलेला चोथा बाहेर फेकायचा, एवढेच हातात राहिले. विसावे शतक उजाडले तेव्हा गावाभोवती अशा चोथ्याचे लाखो टनांचे ढीग साचले होते. ढिगात किती जस्त आहे हे सगळ्यांना माहीत होते. ते बाहेर कसे काढायचे, हे कुणालाच नाही.

पहिली वाट सापडली ती बुडबुड्यांच्या धंद्यातल्या माणसाला. चार्ल्स पॉटर हा मेलबर्नचा बिअर गाळणारा. १९०२ च्या सुमारास त्याने दाखवले, की हा चोथा गरम, सौम्य आम्लात टाकला तर चोथ्यातल्या कार्बोनेटमधून कर्बवायूचे बुडबुडे सुटतात आणि सल्फाइडचे कण त्यांना चिकटून वर येतात. दगड खालीच राहतो. त्याच वर्षी बीएचपीचा सरव्यवस्थापक गियोम देल्प्रा यानेही जवळपास हीच पद्धत स्वतःच्या नावावर नोंदवली. व्हायचे ते झाले. दोघे कोर्टात गेले. मग ऑगस्ट द बावे आला, मूळचा बेल्जियमचा आणि तोही मेलबर्नच्या ब्रुअरीतला रसायनतज्ज्ञ. फेसाकडे रोज बघणाऱ्यांनाच फेसातली गोम दिसली, यात मला आश्चर्य वाटत नाही.

इथे एक फाटा फोडतो, कारण आपल्याकडच्या अनेकांना या शोधाची वेगळीच गोष्ट माहीत असते. एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या एका चौकटीत एक धोबीण होती. खाणकामगारांचे कपडे धुताना तिला दिसते की माती तळाशी जाते आणि तांब्याचे कण साबणाच्या फेसात अडकतात. ही गोष्ट ती आपल्या एका गिऱ्हाइकाला, कॅरी एव्हरसन या बाईंना सांगते. गोष्ट गोड आहे आणि म्हणूनच टिकली. खरी कॅरी एव्हरसन शिकागोच्या एका डॉक्टरांची बायको होती, रसायनशास्त्राचा अभ्यास केलेली. तेल आणि आम्ल वापरून धातुक वेगळे करण्याचे पेटंट तिला १८८६ साली मिळाले, ते कपडे धुऊन नव्हे, प्रयोग करून. तिच्या हयातीत त्यातून पैसा झाला नाही. बाईने प्रयोगशाळेत शोध लावला म्हटले की लोकांना मध्ये धुण्याचे पिंप लागते, हे काही फक्त अमेरिकेतच घडत नाही.

तर ब्रोकन हिल. १९०५ साली मिनरल्स सेपरेशन या लंडनच्या कंपनीने आणखी सोपी रीत नोंदवली: धातुकाच्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी तेल, जोरदार घुसळण आणि हवा. गढूळ पाण्यावर दाट, काळपट फेस चढू लागला. त्याच वर्षी ढिगांतले जस्त काढायला झिंक कॉर्पोरेशन स्थापन झाले. त्यामागच्या मंडळींत हर्बर्ट हूवर नावाचा तरुण खाण अभियंता होता, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला. त्याचा भाऊ थिओडोर याने १९१२ साली या विद्येवर पुस्तकच लिहिले.

आता सगळे सुटले असे वाटायला हरकत नव्हती. पण फेस अधाशी होता. सल्फाइड दिसले की उचल, एवढेच त्याला कळायचे. जुन्या ढिगांना ते चालून जायचे, कारण त्यातले बरेचसे शिसे आधीच काढलेले होते. खाणीतून ताजे येणारे धातुक, त्यातही बारीक गाळ, फेसावर घातला की शिसे आणि जस्त दोन्ही एकत्र वर यायचे. असा मिश्र माल कोण घेणार? शिशाच्या भट्टीला जस्ताचा त्रास, जस्ताच्या भट्टीला शिशाचा. दोन्हीकडचे कारखानदार भाव पाडूनच मागायचे. तरंगवण्याची विद्या हाती आली होती. हवी होती ती दोघांपैकी एकाला खाली धरून ठेवण्याची.

१९१२ साली झिंक कॉर्पोरेशनच्याच गिरणीतल्या एफ. जे. लिस्टर याला ते पहिल्यांदा साधले. तोवरची सगळी पद्धत गरम आम्लाची. लिस्टरने आम्ल सोडले. थंड, आम्ल नसलेले पाणी, त्यात सल्फेट-क्लोराइडचे क्षार, अगदी थोडे निलगिरीचे तेल आणि बेताची घुसळण. ऑस्ट्रेलियात निलगिरी रानोमाळ, तेल स्वस्त. फेसावर आले ते जवळजवळ नुसते शिसे. जस्त पाण्यातच राहिले, आणि मग त्याला वेगळ्या टाकीत नेऊन पुन्हा फेस काढता आला.

मला या प्रसंगात सगळ्यात रस वाटतो तो पाण्यात. खाणीच्या पाण्यात असे क्षार आधीपासूनच विरघळलेले असतात. जो पदार्थ जस्ताला दाबून धरत होता तो कुणी पोत्यातून आणून घातलेला नव्हता. नळातूनच येत होता. तोवर प्रत्येक जण वर काय येते तेच बघत होता. लिस्टरने खाली काय राहिले ते बघितले.

त्याच गावात बीएचपीचा धातुतज्ज्ञ लेस्ली ब्रॅडफर्ड दुसऱ्या टोकाने खणत होता. १९१२-१३ मध्ये त्याने दोन गोष्टी पुढे आणल्या. एक: पाण्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, घातला तर हट्टी जस्त झटकन फेसावर येते. दुसरी: गंधकाचा धूर, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, पाण्यात सोडला तर जस्त दबते आणि शिसे तरंगते. एकाच माणसाकडे वर काढण्याचे औषध आणि खाली धरण्याचेही. व्यवहारात पहिले जगभर गेले. शंभर वर्षे होऊन गेली तरी जस्ताच्या गिरणीत मोरचूदच वापरतात. दुसरे मागे पडले. त्याच्याकडे पुढे येऊच.

१९१४ मध्ये युद्ध पेटले आणि ऑस्ट्रेलियाच्या लक्षात आले की आपले जस्त वितळवणारे कारखाने जर्मनीत आणि बेल्जियममध्ये आहेत. फेसावर काढलेला माल बंदरात पडून राहिला. मग टास्मानियात रिसडन इथे विजेवर जस्त काढणारा कारखाना उभा करावा लागला.

तिकडे अमेरिकेत वेगळेच रण माजले होते. मिनरल्स सेपरेशन कंपनी फेस काढणाऱ्या प्रत्येकाकडे पैसे मागत होती. तिच्याकडून फुटून निघालेला जेम्स हाइड मोंटाना राज्यात फेसाची गिरणी चालवू लागला, तर त्याला तिने सर्वोच्च न्यायालयापर्यंत खेचले. डिसेंबर १९१६ मध्ये निकाल लागला. एक टक्क्याहून कमी तेलाचे पेटंट वैध ठरले. तेलाचे दरवाजे असे बंद झाल्यावर लोक तेलाखेरीज आणखी काय घालता येईल ते धुंडाळू लागले. खटल्यांनी शोध मारला असे म्हणतात. मला वाटते इथे खटल्यांनीच त्याला नव्या गल्लीत ढकलले.

ती गल्ली मोंटानातल्या ब्यूट गावात निघाली. गाव तांब्याचे, पण टिंबर ब्यूट नावाच्या गिरणीत जस्त-शिशाचे धातुक यायचे. तिथे गाय शेरिडन आणि जॉर्ज ग्रिसवोल्ड या दोघांनी सायनाइड घालून पाहिले. सोन्याच्या खाणींत सायनाइड १८८७ नंतर रुळलेलेच होते, पण तिथे ते सोने विरघळवायला लागायचे, तेही भरपूर. इथे अगदी थोडे पुरले. जस्त आणि लोहमाक्षिक, म्हणजे पायराइट, दोन्ही फेसावरून खाली उतरली आणि शिसे एकटे वर आले. झिंक सल्फेट सोबत घातले तर आणखी नेटके. दोघांना १९२२ साली पेटंटे मिळाली. मग शिशाचा फेस ओरबाडून झाल्यावर त्याच पाण्यात मोरचूद घालायचा, आणि आत्ता दाबलेले जस्त पुन्हा वर काढायचे. आधी बुडवा, मग उठवा. आजही जगातल्या बहुतेक शिसे-जस्ताच्या गिरण्या याच क्रमाने चालतात.

का, हे मात्र शेरिडन-ग्रिसवोल्ड यांना नीट सांगता आले नसते. त्याचे उत्तर देवरूखच्या सुपारीच्या बागेत उभ्या असलेल्या कुणालाही पटकन समजेल. पाऊस लागण्याआधी कोळे रोगासाठी बागायतदार बोर्डो मिश्रण करतात. मोरचूद एका भांड्यात, चुना दुसऱ्यात, प्रत्येकी एक किलो, मिळून शंभर लिटर पाणी. दोन्ही एकत्र केल्यावर घासून लख्ख केलेला कोयता क्षणभर बुडवून बाहेर काढायचा. पात्यावर तांबूस पुटी चढली, तर तांबे अजून मोकळे आहे. चुन्याची निवळी आणखी घालायची. पाते जसेच्या तसे निघाले की फवारा. लोखंडावर तांब्याची पुटी चढते ती पाण्यातले तांबे पात्यावर बसते आणि पात्यातले थोडे लोखंड त्याच्या जागी पाण्यात उतरते म्हणून.

जस्ताच्या कणावर नेमके असेच होते. धातुकात कुठे ना कुठे तांब्याचे खनिज असतेच. त्यातले थोडे पाण्यात उतरते आणि स्फॅलेराइटच्या सगळ्यात बाहेरच्या थरातले जस्त हटवून स्वतः तिथे बसते. आतून जस्त, वरून तांबे. पुढे १९२५ साली केलर याने झँथेट आणले, म्हणजे कणाला पकडून बुडबुड्याशी जोडून देणारे रसायन. नुसत्या जस्ताला झँथेट फारसे धरून राहत नाही. तांब्याची पुटी दिसली की घट्ट धरते. म्हणून नको असताना जस्त वर यायचे. सायनाइड ही पुटी खरवडून काढते. तांब्याला ते इतके घट्ट बांधते, की पाण्यातले तांबे पाण्यातच अडकते आणि कणावरचे सुटून येते. कण पुन्हा नुसत्या जस्ताचा होतो, पाण्याला हवासा, फेसाला नकोसा. ब्रॅडफर्डचा मोरचूद म्हणजे ही पुटी मुद्दाम चढवणे. बागायतदार चुन्याने करतो तेही तांबे बांधण्याचेच काम, आणि गिरणीतही चुना असतोच. तिथे तो पाणी अल्कधर्मी करून लोहमाक्षिकाला खाली धरतो. कृषी सेवा केंद्रात मिळणारे मोरचूद, चुना आणि भातासाठीचे झिंक सल्फेट ही तिन्ही एका छपराखाली बघितली, की शिसे-जस्ताच्या गिरणीचे निम्मे कोठार बघितल्यासारखे आहे.

ही समज पक्की केली ती मेलबर्नच्या इयन वॉर्क याने, १९३० च्या दशकात, ए. बी. कॉक्स यांच्या जोडीने. खनिजाचा तुकडा आरशासारखा घासायचा, पाण्यात ठेवायचा आणि काचेच्या नळीच्या टोकाला एक बुडबुडा धरून त्यावर हळूच टेकवायचा. पाण्यात नुसते झँथेट असेल तर बुडबुडा चिकटतो आणि कडेला कोन करतो. एथिल झँथेट असले की तो कोन साठ अंशांचा, खनिज कोणतेही असो. आता थोडे सायनाइड, किंवा थोडा चुना. एका ठरावीक मर्यादेपर्यंत काहीच होत नाही. ती ओलांडली की बुडबुडा टेकतो, सरकतो, पण चिकटत नाही. वॉर्क-कॉक्स यांनी अशा मर्यादांच्या रेषा आखून दिल्या: कोणत्या खनिजाला, कोणत्या आम्लतेला, किती रसायन. तोवर गिरणीतला हुशार मुकादम जे हाताच्या अंदाजाने करायचा, ते आता कागदावर आले. १९३८ साली वॉर्कचे पुस्तक निघाले.

आपल्याकडे हे सगळे राजस्थानातल्या झावरमार्गे आले. उदयपूरजवळच्या या डोंगरात मध्ययुगात जस्त चक्क गाळून काढत. वांग्याच्या आकाराची मातीची पात्रे उलटी लावून जस्ताची वाफ थंड करायचे. मडक्यांचे ते खच आजही तिथे पडलेले आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यावर खाण पुन्हा सुरू झाली. १९६६ साली सरकारने हिंदुस्तान झिंक स्थापन करून ती ताब्यात घेतली. पुढे भिलवाड्याजवळ रामपुरा आगुचाची अवाढव्य खाण आली, आणि तिथे नवीच खोड निघाली: धातुकात ग्राफाइट. ग्राफाइटला बुडबुडे जात्याच आवडतात, कसलेही रसायन न घालता तो फेसावर हजर. त्याला खाली धरायला वापरले निग्रोसिन, म्हणजे बुटाच्या पॉलिशमधला काळा रंग.

बुडवणाऱ्या रसायनांची ही पंगत अशीच चमत्कारिक आहे. बुळबुळीत टाल्क फेसावर येऊ नये म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या प्लॅटिनमच्या गिरण्यांत गवारीच्या बियांचा डिंक जातो. फ्लोराइट काढताना चुनखडीला धरायला टॅनिन, तेच जे आपल्या हिरड्यातही असते. वाळूला धरायला सोडियम सिलिकेट. सायनाइडची मात्र जगाला आता धास्ती आहे, आणि रास्त आहे. टाकाऊ पाण्याच्या तळ्यातून ते नदीत गेले तर मासळी सोडत नाही. म्हणून सायनाइड टाळणाऱ्या गिरण्या सल्फाइट आणि मेटाबायसल्फाइट वापरू लागल्या आहेत. पाण्यात गेल्यावर त्यांचे काम चालते ते ब्रॅडफर्डच्या गंधकाच्या धुराच्याच रसायनाने. १९१३ ची, मागे पडलेली वाट शंभर वर्षांनी पुन्हा वहिवाटीत आली.

कोकणाला शिसे-जस्ताशी फारसे देणेघेणे नाही. आपला विषय लोखंडाचा: रेडीच्या आणि गोव्याच्या खाणी, त्यांचा लाल गाळ. लोखंडाच्या बाबतीत खेळ उलटा. तिथे वाळू फेसावर काढायची आणि लोखंड खाली धरायचे, आणि धरायला वापरतात स्टार्च. मक्याचा स्टार्च सोडियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात शिजवून घालतात. कपड्यांना घालतो ती खळ याच जातीची. स्टार्चचे लांब रेणू लोहाच्या कणाला लपेटून बसतात, त्याला पाण्याचा लळा लावतात आणि बुडबुडा त्याच्याजवळ फिरकत नाही. मिशिगनमधल्या टिल्डनच्या खाणीत १९७४ पासून आणि ब्राझीलच्या मोठ्या गिरण्यांत हे रोजचे काम आहे.

भारतीय गाळात वाळूपेक्षा छळतो तो ॲल्युमिना: केओलिनची चिकणमाती आणि गिब्साइट. लोखंडाच्या झोतभट्टीत ॲल्युमिना वाढला की मळी घट्ट होते, कोळसा जास्त जळतो. पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये डॉ. प्रदीप यांच्या गटाने नेमका हाच प्रश्न हाती घेतला. लोहाच्या आणि मातीच्या कणांवर स्टार्च आणि पॉलिॲक्रिलिक आम्ल कसे बसतात याची त्यांनी तुलना केली. पुढे डॉ. बीना राय यांच्यासोबत रेणूंची संगणकावरची प्रारूपे मांडली: खनिजाच्या पृष्ठावर अणूंमधले अंतर किती, रसायनाच्या हातांमधले अंतर किती, आणि दोन्हींचा मेळ बसतो का. म्हणजे शेरिडन आणि ग्रिसवोल्ड यांनी घालून पाहिले, वॉर्कने मोजून पाहिले, आणि पुण्यात रसायन टाकीत जाण्याआधीच जुळवून पाहू लागले.

या विद्येची हद्द कुठे संपते ते देवरूखच्या कुठल्याही जुन्या घराच्या भिंतीत दिसते. जांभ्याचा चिरा फोडला की आत लाल, पिवळे, पांढुरके ठिपके. लाल ते लोहाचे हेमॅटाइट, पांढुरके ते बहुधा केओलिन किंवा गिब्साइट. हे दळून सुटे करता येतात आणि सुटे झाले की कुठला तरी स्टार्च त्यांच्यात निवड करू शकतो. पिवळा भाग मात्र गोएथाइटचा, आणि जांभ्यातल्या किंवा गोव्याच्या गाळातल्या गोएथाइटमध्ये ॲल्युमिनियम कणाला बाहेरून चिकटलेला नसतो. तो स्फटिकाच्या आतच, काही लोहअणूंच्या जागी बसलेला असतो. तिथे कितीही बारीक दळा. प्रत्येक कणात दोन्ही राहणार, आणि बुडवायचे कोणाला हेच ठरवता येत नाही.